दादू न्हाव्याचं टक्कल

नाही, मी काय म्हणतो, टक्कल पडावं की! माझी काही ना नाही. वकिलाला पडावं, तो वर पगडी चढवतो नि कोर्टात जातो. मास्तरला पडावं, पोरांना तेवढीच गंमत. भटजीला तर पडलं काय नि न पडलं काय, शेंडीपुरतं शिल्लक राहिलं की झालं! पण न्हाव्याला? तुम्हीच सांगा, न्हाव्याला टक्कल पडून चालेल? शिंप्यानं उघड्या अंगानं दुकानात बसावं नि दुसऱ्याच्या सदऱ्याची मापं घ्यावीत, तसलं ते!

आणि पडलं तेसुद्धा कुणाला? दादूला! रामआळीत ज्याचं दुकान होतं तो दादू हो. एकतीस सालची गोष्ट सांगतोय मी. त्या वेळी अख्ख्या रत्नागिरीत दादूसारखे केस नव्हते. दाट, काळेभोर, डावीकडून भांग, नि कपाळावर एक बट अशी रुळायची, की मुंबईहून आगबोटीनं आलेला चाकरमानी बंदरावर उतरायचा तो आधी दादूच्या दुकानात यायचा नि मग घरी जायचा. "दादू, तुझ्यासारखा भांग पाड." मग त्याचे केस केरसुणीसारखे का असेनात! दादू पाडायचा. खुर्चीतला माणूस आरशात स्वतःकडे बघायचाच नाही, मागे उभ्या दादूच्या बटेकडे बघायचा नि खूश होऊन जायचा. दुकानाला पाटी नव्हती. कशाला हवी? दादूचं डोकं हीच पाटी!

तर झालं काय, ह्या दादूला हौस आली. मुंबईत केस कापून झाले की म्हणे गिऱ्हाइकाला त्याची मान मागून दाखवतात. मग मागवला दुसरा आरसा. आगबोटीनं आला, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, चार जणांनी उचलून आणला, नि लावला मागच्या भिंतीवर. आता पुढं आरसा, मागं आरसा, मधे दादू! आणि तुम्हाला सांगतो, त्या आरशात पहिली मान कुणाची दिसावी? दादूचीच! नि मानेच्या वर, बरोब्बर टाळूवर, रुपयाएवढं गोल, गुळगुळीत…

दादूला वाटलं आरशाला डाग आहे. फडकं घेतलं, पुसला. डाग तिथंच. पुन्हा पुसला. मग डोकं हलवलं, तर डागही हलला! मटकन खुर्चीत बसला हो बिचारा, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत.

झालं! त्या दिवसापासून ज्याचं डोकं दादूच्या हातात, त्याचा हात दादूच्या डोक्यात! जो येईल तो खुर्चीत बसल्या बसल्या सल्ला देणार. "कांदा चोळ." "कोरफड लाव." "उलटा झोपत जा." "गोमूत्र…" अरे, तुमची दाढी करायची का तुमचं ऐकायचं? आणि वस्तरा गळ्यावर असताना लोक एवढं बोलतातच कसे? दादू आपला "हो हो" म्हणायचा. आणि केस? केस चाललेच!

पहिला उपाय केला बायकोनं, सगुणानं. तिची फार माया दादूवर. आणि खरं सांगू का, दादूपेक्षा त्याच्या केसांवर जास्त. लग्न ठरलं तेव्हा ती मैत्रिणींना म्हणाली होती, "न्हावी हाय, पण केस बघा गो!" तर सगुणानं खोबरेलात माका उकळला, त्यात ठेचलेली जास्वंद कालवली, नि तो लगदा रोज सकाळी दादूच्या टाळूवर थापायला सुरुवात केली. आळीतल्या एकाही कुंपणावर जास्वंद राहिली नाही. गणपतीला फूल मिळेना म्हणून शेजारणी करवादायला लागल्या. दादू तो लगदा तसाच ठेवून, वर फडक्याची टापशी बांधून दुकान चालवायचा.

एक दिवस कचेरीतले एक कारकून दाढीला बसले होते. दिवस उन्हाळ्याचे, दादूला घाम सुटलेला, नि तो लगदा पाघळून, तांबडाजांभळा ओघळ कपाळावरून नाकावर, नि नाकावरून टप्पकन कारकुनाच्या गालावर, साबणाच्या फेसात! कारकुनानं आरशात बघितलं. रक्त! "मेलो! कापला! माझा कान कापला!" अर्धी दाढी तशीच, गळ्यातलं फडकं तसंच, हा मनुष्य दोन्ही हातांनी दोन्ही कान धरून रामआळीतून पळाला तो थेट दवाखान्यात. डॉक्टर विचारतायत, "कुठला कान?" तर ह्यांना आठवेना!

कान दोन्ही शाबूत होते. पण नाव कुणाचं गेलं? दादूचं! आणि केस? केस चाललेच!

मग आला विठू तांडेल. मिरकरवाड्याला त्याची होडी. दादूचा जुना दोस्त, जीव लावणारा, पण काय आहे, काही माणसांचं प्रेम वासासकट येतं. विठू एक बाटली घेऊन आला, बूच काढलं, नि शेजारच्या दुकानातला मारवाडी उठून उभा राहिला.

"दादू, मेल्या, फुलांनी काय व्हायचा हाय? हा घे. मोरीच्या काळजाचा तेल."

"अरे पण हे तर तुम्ही होडीला लावता ना?"

"मग? धा वर्सा झाली, समुद्रात हाय, फळी कुजली नाय माजी. तुजा डोका काय समुद्रापेक्षा वल्ला हाय?"

दादूनं लावलं. आणि तुम्हाला सांगतो, मोरी म्हणजे शार्क मासा. त्याच्या काळजाचं तेल उन्हात तापलं की काय होतं ते सांगायला शब्द नाहीत… आणि नाकही नाही! सगुणानं पहिल्या दिवशी नाकाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी पान पडवीत वाढलं. तिसऱ्या दिवशी पान ठेवलं अंगणात, नि ठेवून पळाली. गिऱ्हाईक? एक चढेना पायरी. पायरी चढली कुणी, तर मांजरांनी! दादू बंदराकडून यायला निघाला की मागून मांजरांची रांग, काळी, पांढरी, ठिपक्यांची, एक तर लंगडत, पण येणार! दादू थांबला की थांबणार, दादू चालला की चालणार, एखाद्या बुवाच्या मागे भक्तमंडळी असावी तशी.

एकदा दुपारी दुकानात कुणी नाही म्हणून दादूचा खुर्चीतच डोळा लागला. जरा वेळानं टाळूवर काहीतरी ऊबदार, ओलसर, हळूहळू फिरायला लागलं. दादूला झोपेत वाटलं, सगुणा आली वाटतं. चार दिवसांनी जवळ आली, मायेनं तेल चोळतेय. डोळे मिटूनच म्हणतो, "अशीच चोळ गो… बरा वाटता… जरा डावीकडे…" नि खरी सगुणा उभी दारात, हातात डबा! आणि डोक्यावर बोका, जिभेनं तेल चाटतोय! त्यावर सगुणा दोन दिवस बोलली नाही. बोक्यावरून रुसलेली बायको मी तरी दुसरी ऐकली नाही. आणि केस? केस चाललेच! थोडे बोक्यानंही नेले असतील.

तिसरा उपाय वैद्यांचा. नाव घेत नाही, देवमाणूस होता, मारण्याचा हेतू नव्हता. म्हणाले, "बिब्बा लाव." आता धोबी कपड्यावर ज्यानं खुणा घालतात तो बिब्बा! जो अंगावर सांडला तर कातडं निघतं तो बिब्बा! वैद्य म्हणाले, "जाळल्याशिवाय नवं उगवत नाही. तुमच्या कोकणात भाजावळ नाही का करत? आधी जमीन भाजायची, मग पेरायचं." दादू शेतकऱ्यांच्या दाढ्या करणारा, त्याला पटलं! लावला बिब्बा. संध्याकाळपर्यंत डोकं कापा फणस! डोळे बंद, कान आडवे, तोंड कुठं संपतं नि मान कुठं सुरू होते त्याचा पत्ता नाही. सगुणा रडत ओलं खोबरं वाटतेय नि थापतेय, वाटतेय नि थापतेय. आठ दिवस दुकान बंद. सूज उतरली तेव्हा जमीन भाजलेली होती खरी. उगवलं काही नाही! जिथं रुपयाएवढं होतं तिथं बशीएवढं झालं. आणि केस? कडेनं म्हणून जे होते, ते चाललेच!

आता दादूची आई, गंगुबाई. सत्तरीची म्हातारी. इतके दिवस कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत सगळं बघत होती. एक अक्षर बोलली नव्हती. त्या दिवशी दादू भाजलेल्या डोक्याला हात लावून बसला होता, तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"दादू, ह्या तेलाबिलाचा काम नाय. हा तळतळाट हाय."

"कुणाचा गो आये?"

"बामणआळीत जाऊन त्या रांडवलेल्या पोरींचे केस उतरवतोस. नऊ जणी झाल्या. मी मोजल्यात. ते केस खय जातले?"

तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. त्या काळी वरच्या आळीत, म्हणजे बामणआळीत, नवरा मेला की बाईचे केस काढायचे, आणि ते काढायला बोलवायचे न्हाव्याला, मागच्या दारानं. बाई बारा वर्षांची असो नाहीतर साठ. मग जन्मभर महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा वस्तरा. गावात व्याख्यानं व्हायची, हे बंद करा म्हणून. टाळ्या पडायच्या. आणि टाळ्या वाजवणारे घरी जाऊन न्हाव्याला निरोप धाडायचे!

दादू चिडला. "बाबांनी पण तेच केला जन्मभर. त्यांचे केस तर मरेपर्यंत जागच्या जागी होते!"

गंगुबाई म्हणाली, "तुझा बाप त्या दिवशी घरी येऊन जेवत नसे. तू येतोस नि दुसऱ्यांदा भात मागतोस."

उपाय खूप ऐकले होते दादूनं, पण हे असलं काही कुणी खुर्चीत बसून सांगितलं नव्हतं.

आणि बघा हं, नशीब कसं असतं! दुसऱ्याच दिवशी निरोप आला. आप्पांकडून. आप्पा म्हणजे वरच्या आळीतले पेन्शनर शिरस्तेदार. सभ्य, हळू बोलणारे. त्यांचा एकुलता मुलगा मुंबईत विषमज्वरानं गेला होता, तीन महिन्यांपूर्वी. मागं राहिली सून, मथुरा. एकोणीस वर्षांची. आप्पा आज करू, उद्या करू म्हणत दिवस ढकलत होते. पण घरात होती त्यांची बहीण, काशीआत्या. ती स्वतः बाराव्या वर्षी विधवा झालेली, तेव्हापासून लाल आलवण नि तुळतुळीत डोकं. तिनं सांगून टाकलं, "हिचे केस उतरल्याशिवाय मी हिच्या हातचं पाणी पिणार नाही." आणि खरंच, दोन दिवस म्हातारी स्वतः विहिरीवरून पाणी ओढत होती. आप्पा शेवटी हरले.

दादू निघाला. पाय ओढत निघाला, पण निघाला. बापापासूनचं घर, नाही कसं म्हणणार? मागच्या पडवीत पाट मांडलेला. पाटावर मथुरा, पाठमोरी. आत्या दारात जप करत बसलेली. आप्पा खांबाला धरून उभे, अंगणातल्या फणसाकडे बघत. आणि मथुराचे केस… अहो, पाटावरून खाली, जमिनीवर वेटोळं पडलेलं! दादूचा जन्म केसांत गेला, पण असे केस त्यानं बघितले नव्हते.

दादूनं वस्तरा काढला. आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्याच्या मनात दया आली नाही. सुधारणा आली नाही. न्याय-अन्याय काही आलं नाही. त्याच्या मनात आलं, हिचे एवढे केस… हे उतरवले तर माझे उरलेले एका दिवसात जातील! दादूनं हळूच स्वतःच्या कानशिलाला हात लावून बघितला. होते. अजून होते थोडे.

"आप्पा, वस्तऱ्याला धार नाय."

"मग लाव की."

दादूनं धार लावली. लावत बसला, लावत बसला, वस्तरा झिजून निम्मा होईल अशी लावली.

"आप्पा, पाणी गार हाय."

गरम पाणी आलं.

"आप्पा, आज अमावास्या…"

"आज पंचमी आहे," काशीआत्या दारातून म्हणाली. "कर रे मेल्या लवकर!"

आणि दादूचा बांधच फुटला. वस्तरा पाटाजवळ ठेवला, टापशी ओढून काढली नि डोकं पुढं करून ओरडला, "मी नाय करायचा! माजे केस जातत! हे बघा, हे बघा काय झाला! नऊ जणींचे काढले त्याचा हा फळ! जास्वंद लावली, मोरीचा तेल लावला, बिब्बा लावला, बोक्यानं चाटला, आता ह्या वहिनींचे काढले तर माज्या भुवयासुद्धा राहाच्या नायत!"

जप थांबला. आप्पांनी फणसाकडून नजर वळवली. आणि पाटावरची ती मुलगी, तीन महिन्यांत जिनं मान वर केली नव्हती, ती वळली. तिनं दादूचं ते डोकं बघितलं. बशीएवढं भाजलेलं, कडेनं चार केस उभे, त्याला कुठूनसा मोरीचा वास… आणि दाराशी एक मांजर!

मथुरा हसली. ओठ दाबून बघितले, पदर तोंडात घातला, नाही आवरलं! खळखळून हसली ती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, नि हसताहसता रडायलाच लागली. मग उठली, दोन्ही हातांनी ते केस गोळा केले, मानेवर गच्च गाठ मारली, नि म्हणाली, "दादू, ठेव तुझं काय उरलंय ते. मीही ठेवते माझे." आणि सरळ घरात निघून गेली.

काशीआत्या उठून उभी राहिली. "आप्पा! बघतोस काय? दुसरा न्हावी बोलाव!"

आणि आप्पा, ते हळू बोलणारे आप्पा, शेजारच्या चार घरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "न्हावी मिळत नाही तर मी काय करू? माझा काय इलाज आहे?" म्हणाले नि दादूकडे बघितलं. असं बघितलं, की दादूला वाटलं, हा म्हातारा तीन महिने ह्याच वाक्याची वाट बघत होता.

दुसरा न्हावी मिळाला नाही, बरं का! कारण दादू तिथून निघाला तो घरी गेलाच नाही. पेठेतल्या प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात गेला, टापशी काढली नि डोकं दाखवलं. "नऊ जणी. बघून घ्या." व्याख्यानं ऐकून जे झालं नव्हतं, ते त्या डोक्याकडे बघून झालं. प्रत्येकानं आपापल्या केसांवरून हात फिरवला नि कानाला खडा लावला. त्यानंतर वरच्या आळीत वस्तरा घेऊन कुणी गेला नाही. एका सुधारक मंडळानं दादूला सभेत बोलावलं, हार घातला, विचारलं, "आपल्याला ही प्रेरणा कुठून मिळाली?" दादू प्रामाणिक माणूस. टापशी काढून दाखवली. सभा पाच मिनिटं हसत होती. त्यातलं कोण कशाला हसलं कोण जाणे.

आणि केस? चालले कुठले, गेलेच! एवढं करून सगळे गेले. वर्षभरात डोकं नारळासारखं झालं, तेही सोललेल्या. दादू आईवर भडकला, "आये, सोडला ना मी ता काम? मग?" गंगुबाई तांदूळ निवडत म्हणाली, "मागच्या नऊ जणी हत ना? त्यांचे खय परत आले?" दादूनं तिच्याकडे बघितलं, नि जेवायला बसला. दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

मथुरा आप्पांच्या पाठिंब्यानं मुलींच्या शाळेत शिकवायला लागली. तिचं बरं चाललं होतं. दादूचंही दुकान पुन्हा बरं चालायला लागलं. लोक म्हणायचे, ह्याला आता केसांचा मोह नाही, हा नीट कापील. आणि मग एक दिवस निरोप आला, काशीआत्यानं बोलावलंय.

दादू घाबरत घाबरत गेला. म्हातारी मागच्या पडवीत एकटीच बसली होती.

"ये. बघ काय करून ठेवलंस." नि तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला.

दोन बोटं केस उगवले होते. पांढरे, मऊ, बारीक. तिच्याकडेही वस्तरा घेऊन कोण जाणार होतं? कुणी गेलंच नव्हतं!

"पन्नास वर्षांवर डोकं कसं लख्ख होतं माझं," आत्या म्हणाली. "आता घाम येतो, खाजतं, कोंडा होतो. आणि परवा ती मथुरा म्हणते, आत्या, तुमचे केस कुरळे आहेत! कुरळे आहेत म्हणे! पासष्टाव्या वर्षी कळलं मला."

दादू म्हणाला, "आत्याबाई, उतरवू का मग?"

"हात लावून बघ!" म्हातारीनं झटकन पदर ओढला. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाली, "तेल कुठलं लावू ते सांग. कुणाला विचारू मी ह्या वयात?"

आणि दादू खुलला हो! कुणीतरी त्याला विचारलं होतं! समोर उकिडवा बसला नि बोटं मोजत सुरू झाला, "आत्याबाई, खोबरेलात माका उकळा. त्यात जास्वंद. लोक कांदा पण लावतात. तुम्हाला चालत नाय तो सोडा, पण मोरीचा तेलही असता. बिब्बा मात्र…"

"हे सगळं तू लावलंस?"

"लावला तर! दोन वर्सा!"

काशीआत्या पुढं वाकली. उन्हात चकाकणारं दादूचं डोकं तिनं एकदा समोरून बघितलं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"मग राहू दे हो दादू. उगवलेत तेवढे असू देत."